माहिती पोलिसांकडेही होती

२०१५च्या बाल न्याय कायद्यात ‘काळजी व संरक्षणाची गरज असलेले बालक’ कोणाला म्हणावे, याची लांबलचक व्याख्या आहे. तिच्या पहिल्याच पोटकलमात घर नसलेले, राहण्याचे पक्के ठिकाण नसलेले आणि उपजीविकेचे उघड साधन नसलेले मूल येते. रेल्वेच्या फलाटावर एकट्या सापडलेल्या पोरासाठी हे पोटकलम मोठा आधार आहे. तेच पोटकलम हातात घेऊन कोणी गावाबाहेरच्या माळावर पडलेल्या पालांकडे गेले, तर काय होईल? डोंबाऱ्याचे, नंदीबैलवाल्याचे, फासेपारध्याचे बहुतेक प्रत्येक मूल त्यात बसवता येईल. पक्के ठिकाण नसणे ही तर त्या घरांची पिढ्यान्‌पिढ्यांची राहणी. साधन असते, पण सरकारी डोळ्याला ते ‘उघड’ दिसत नाही.

साधन दिसले तर आणखी पंचाईत. १९५९च्या मुंबईच्या भिक्षा प्रतिबंधक कायद्याने भीक मागण्याची जी व्याख्या केली, तीत गाणे, नाचणे, भविष्य सांगणे, खेळ करून दाखवणे किंवा काही वस्तू विकायला पुढे करणे, या ‘सबबीं’खाली पैसे घेणेही मोडते. म्हणजे वासुदेव, कुडमुडे जोशी, डोंबारी, पोतराज असे सगळे एका वाक्यात भिकारी. शाळेच्या स्नेहसंमेलनात हाच वासुदेव मोरपिसांची टोपी घालून आला की टाळ्या पडतात, आणि ती टोपी घालणारे मूल बहुधा शिक्षकाचे किंवा बँकेतल्या कारकुनाचे असते. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये या कायद्याची मुख्य कलमे दिल्लीपुरती घटनाबाह्य ठरवली. महाराष्ट्रात कायदा टिकून आहे.

यात कोणाचा दुष्टावा शोधण्याची गरज नाही. कायदा लिहिणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रेशनकार्ड, वीजबिल आणि दाराला कुलूप असलेले एक घर होते, एवढेच. अडचण पुढे येते. बाल न्याय कायदा माणसापर्यंत पोहोचतो तो समाजकार्यकर्त्याच्या हातून. बालकल्याण समितीचे सदस्य, परिविक्षा अधिकारी, बालगृहातला समुपदेशक, संस्थेची कार्यकर्ती ही ती माणसे. त्यांना समोरच्या मुलाचे जग कळते का, या प्रश्नाला समाजकार्याच्या अभ्यासक्रमात आता ‘सांस्कृतिक जाण’ असे भारदस्त नाव आहे, आणि त्यावर कार्यशाळाही होतात.

ही कल्पना आली अमेरिकेतून, पण तिथल्या गोऱ्या विद्वानांच्या टेबलावरून नव्हे. १९८९ साली जॉर्जटाउन विद्यापीठातून जो अहवाल निघाला आणि ज्याने या विषयाला आकार दिला, त्याचे मुख्य लेखक टेरी क्रॉस हे सेनेका या मूलनिवासी राष्ट्राचे. त्या अहवालामागे एक जखम होती. १९७०च्या दशकातल्या पाहण्यांनुसार अमेरिकेतल्या मूलनिवासी मुलांपैकी २५ ते ३५ टक्के मुले आईबापांपासून काढून वसतिगृहांत, पालक-कुटुंबांत किंवा दत्तक घरांत ठेवली गेली होती. आजीकडे किंवा मावशीकडे वाढणारे मूल ‘टाकलेले’ समजले जाई. आजी आणि मावशी म्हणजेच घर, हे तपासणीला आलेल्या बाईच्या गावीही नसे. १९७८ मध्ये अमेरिकी संसदेने यावर स्वतंत्र कायदा केला. मूल हलवायचेच असेल तर आधी नातलग, मग त्याच जमातीतले घर, असा क्रम त्याने घातला. २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने तो सात विरुद्ध दोन मतांनी कायम ठेवला.

क्रॉस यांचा भर संस्थेवर होता. संस्था कोणाला नेमते, पैसा कुठे घालते, नियम कोणाच्या सोयीचे करते, हे त्यांनी विचारले. त्यांच्या कल्पनेचा प्रवास होता होता मात्र ती कार्यकर्त्याच्या डोक्यात भरायच्या माहितीवर येऊन थांबली. अमुक जमातीत डोळ्याला डोळा भिडवणे उद्धटपणाचे मानतात, तमुक जमातीत बापासमोर बोलत नाहीत, अशा याद्या. आपल्याकडे याचा अवतार म्हणजे अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण. पारध्यांच्या पोटजाती, कुलदैवते, लग्नातला देज, पंचायतीचे दंड. मधे चहा, शेवटी प्रमाणपत्र.

अशी यादी पाठ केल्याने जाण येत असती, तर भटक्या-विमुक्तांना समजून घेणारे सर्वांत जाणते लोक इंग्रज पोलीस ठरले असते. मायकेल केनेडी हे मुंबई इलाख्याच्या पोलीस खात्यातले वरिष्ठ अधिकारी. १९०८ साली त्यांनी इलाख्यातल्या ‘गुन्हेगार वर्गां’वर जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. कोणत्या जमातीचा पोशाख कसा, बोली कोणती, फिरण्याचे महिने कोणते, सगळे त्यात नोंदवलेले. माहितीला तोटा नव्हता. आजच्या एखाद्या कार्यशाळेच्या टिपणापेक्षा ती किती तरी बारीक होती. फक्त ती गोळा केली होती पकडण्यासाठी.

त्या माहितीमागे विचार होता तो १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा. जन्माने गुन्हेगार ठरवायचे, नोंदवहीत नाव घालायचे, हजेरी लावायला भाग पाडायचे. १८९७च्या दुरुस्तीने तर चार ते अठरा वर्षांची मुले आईबापांपासून तोडून वेगळ्या सुधार-वसाहतींत ठेवण्याची मुभा सरकारला मिळाली. सोलापूरच्या तारेच्या कुंपणातल्या वसाहतीत माणसे कोंडली आणि तिथून ती गिरण्यांत कामाला जात. त्या वसाहतींशी मिशनरी जोडलेले होते, शाळा होत्या, उद्योगशिक्षण होते. मुलांना ‘सुधारणे’ हा शब्द तिथलाच. आज बालगृहाच्या दारात पोलीस आणि समाजकार्यकर्ती एकत्र दिसली की पारध्याचे पोरगे दोघांत फरक करत नाही, हा त्याचा गैरसमज नव्हे. त्याच्या समाजाच्या आठवणीत ते दोघे एकाच दारातून आत आले होते. कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. तो दिवस हे समाज विमुक्त दिन म्हणून पाळतात. पण १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला आणि ठाण्यातल्या नोंदवह्यांना नवे नाव मिळाले.

म्हणून सांस्कृतिक जाण म्हणजे ‘त्यांच्या’विषयीची माहिती, ही समजूत टाकून द्यायला हवी. माहिती कोण गोळा करतो, कोणत्या कागदावर उतरवतो आणि त्या कागदाच्या जोरावर निर्णय कोण घेतो, यातच तिचा कस लागतो.

असा एक कागद आहे सामाजिक तपासणी अहवालाचा. अठरा वर्षांखालचे मूल गुन्ह्याच्या आरोपाखाली बाल न्याय मंडळापुढे आले की परिविक्षा अधिकाऱ्याने पंधरा दिवसांत हा अहवाल द्यायचा असतो. मंडळात एक दंडाधिकारी आणि दोन सामाजिक कार्यकर्ते. त्यांनी मुलाला पूर्वी कधी पाहिलेले नसते. त्यांच्यापुढे मूल येते ते या अहवालाच्या रूपाने. त्याच्या नमुन्यात एक तक्ता आहे. कुटुंबातल्या कोणावर गुन्हे आहेत, अटक झाली का, किती दिवस कोठडी, काय शिक्षा. सदाशिव पेठेतल्या मुलाच्या अहवालात ही जागा कोरी राहते. पालावरच्या मुलाच्या अहवालात ती भरून वाहते, कारण गावात चोरी झाली की आधी पालावर धाड पडते. बाप संशयावरून आत जातो, चुलता जातो, पुढे सुटतात. सुटल्याची नोंद ठळक होत नाही, अटकेची होते. जाणता अधिकारी हा तक्ता भरताना प्रत्येक नोंदीपुढे खटल्याचे काय झाले ते लिहील. अजाण अधिकारी खाली एक ओळ लिहील: ‘कौटुंबिक पार्श्वभूमी गुन्हेगारी स्वरूपाची.’ दोघांनीही नमुना प्रामाणिकपणे भरलेला असतो.

‘पालक बेपत्ता’ ही अशीच एक ओळ. पालक उसाच्या तोडीला गेलेले असू शकतात, धाडीच्या भीतीने रानात पांगलेले असू शकतात, तुरुंगात असू शकतात, किंवा दोन मुक्काम पुढे असू शकतात आणि मूल तोवर आजीजवळ असते. ‘मूल सहकार्य करत नाही’ ही दुसरी ओळ. पारध्यांची घरातली बोली वाघरी. ती गुजरातीच्या जवळची, मराठीपासून दूरची. प्रश्न मराठीत आणि तोही खुर्चीवरून आलेला. पोर गप्प बसते, आणि गप्प बसणे ‘गुन्हेगारी वृत्ती’ म्हणून नोंदले जाऊ शकते. कामकाजाची भाषा कळत नसेल तर मुलाला दुभाषा द्यावा, असे २०१५च्या बाल न्याय कायद्याच्या आठव्या कलमात लिहिलेले आहे. वाघरीचा दुभाषा किती जिल्ह्यांच्या यादीवर असेल, हे ज्याने त्याने आपल्या जिल्ह्यात विचारून पाहावे.

सगळ्यांत अवघड गोष्ट वयाची. वय ठरवताना कायदा शाळेचा दाखला बघतो, तो नसेल तर जन्मदाखला, तोही नसेल तर हाडांची वैद्यकीय तपासणी. पालावर जन्मलेल्या, कधी शाळेत नाव न लागलेल्या मुलाकडे पहिले दोन्ही नसतात. हाडांवरून वय काढताना दोनेक वर्षे इकडेतिकडे होऊ शकतात, हे न्यायालयेही मान्य करतात. सोळा आणि अठरा हे आकडे इथे आयुष्य फिरवणारे आहेत, कारण २०१५च्या कायद्याने सोळा ते अठरा वयाच्या मुलावर अतिगंभीर गुन्ह्यात प्रौढासारखा खटला चालवण्याची वाट उघडली. आता आईला विचारले, की हा कधी झाला, तर ती तारीख सांगणार नाही. ती सांगेल की भूकंपानंतरच्या दुसऱ्या दिवाळीला, किंवा अमक्या जत्रेत मुक्काम होता तेव्हा. ही कालगणना ज्याला लावता येते त्याच्यापाशी सांस्कृतिक जाण आहे. ज्याला येत नाही तो ‘पालक वय सांगण्यास असमर्थ’ असे लिहून मोकळा होतो. कार्यशाळेतल्या याद्यांपेक्षा ही एक कसोटी पुरेशी आहे.

इथवर वाचून कोणाला वाटेल, की मग संस्कृतीचा मान राखला म्हणजे झाले. तसे नाही. उलट दिशेची चूक तितकीच जीवघेणी असते. फेब्रुवारी २००० मध्ये लंडनमध्ये व्हिक्टोरिया क्लिंबिए ही आठ वर्षांची मुलगी मेली. ती आयव्हरी कोस्टहून चांगल्या शिक्षणासाठी म्हणून नात्यातल्या एका बाईबरोबर आली होती. तिच्या अंगावर १२८ जखमा आणि व्रण सापडले. लॉर्ड लॅमिंग यांच्या चौकशीचा अहवाल २००३ मध्ये आला. तिला वाचवण्याच्या किमान बारा संधी वेगवेगळ्या खात्यांनी गमावल्या, असा त्याचा निष्कर्ष होता. त्या चौकशीत एक गोष्ट पुढे आली. त्या बाईसमोर मुलगी ताठ, सावधान पवित्र्यात उभी राहत असे. तिची समाजकार्यकर्ती स्वतः कॅरिबियन वंशाची होती. तिने हे आफ्रिकी-कॅरिबियन घरांतल्या वडीलधाऱ्यांविषयीच्या आदराचे लक्षण मानले. ती भीती होती. शिवाय आयव्हरी कोस्ट आणि कॅरिबियन बेटे यांच्यात एक महासागर आहे. कातडीचा रंग सारखा, म्हणून घरही सारखे, हा हिशेब मुळातच चुकीचा होता. एकाच वर्णाची कार्यकर्ती नेमली की प्रश्न सुटला असे मानणाऱ्यांनी हा अहवाल जरूर वाचावा.

आपल्याकडे या चुकीचे नाव ‘त्यांच्यात असंच असतं’. पोरीचे तेराव्या वर्षी लग्न? त्यांच्यात असंच असतं. पंचायतीने वाळीत टाकले? तो त्यांचा आपसातला मामला. या वाक्यात सहिष्णुता दिसते, पण असतो आळस. त्यात तरुणांचा तर विचारच नसतो, कारण ‘त्यांच्यात’ म्हणताना बोलणाऱ्याच्या डोळ्यांपुढे पंच असतात, पोरे नसतात. कंजारभाट समाजात लग्नाच्या रात्री नवरीच्या कौमार्याची परीक्षा घेण्याची प्रथा होती. २०१७-१८ मध्ये तिच्याविरुद्ध उभे राहिले ते पुण्या-पिंपरीतले त्याच समाजातले शिकलेले मुलगे आणि मुली. त्यांनी समाजमाध्यमांवर गट केला, उघडपणे बोलले, आणि त्यांच्यातल्या काहींना लग्नमंडपात मारहाण झाली. पुढे २०१९ मध्ये राज्य सरकारने अशी चाचणी लैंगिक अत्याचार मानण्याचे जाहीर केले. महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्धचा कायदा २०१६चा. देशातला तशा धाटणीचा तो पहिलाच म्हणता येईल. त्या तरुणांच्या दृष्टीने कंजारभाट संस्कृती कोणती? पंचांची, की त्यांची स्वतःची? दोन्ही. संस्कृती म्हणजे ज्यावर घरातच भांडण चालू आहे अशी गोष्ट, हे ज्याला कळले नाही तो कार्यकर्ता पंचांशी बोलून परत येईल आणि समाजाशी बोललो असे अहवालात लिहील.

१९९८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मेलानी टर्व्हालॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन डॉक्टर स्त्रियांनी म्हणूनच असे सुचवले की या बाबतीत पारंगत होण्याचा दावाच सोडून द्यावा, नम्र राहावे, विचारत राहावे. सूचना चांगली आहे. पण नम्र माणूसही खुर्चीवरच बसलेला असतो, आणि खुर्ची कोणाची हा प्रश्न नम्रतेने सुटत नाही. तो सोडवायचा सर्वांत धीट प्रयत्न न्यूझीलंडने केला.

तिथे मुलांच्या सरकारी गृहांत माओरी मुले भरमसाट होती. जॉन रंगिहाउ यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने देशभर माओरींच्या सभास्थानी, ज्यांना ते मराए म्हणतात, जाऊन लोकांचे ऐकले. १९८८ मध्ये ‘पुआओ-ते-आता-तू’ हा अहवाल प्रसिद्ध झाला. समाजकल्याण खाते स्वतःच वर्णभेदी रीतीने चालते, असे त्या सरकारी अहवालातच लिहिले होते. पुढच्याच वर्षी कायदा झाला आणि त्याने कुटुंब-परिषद आणली. मुलाला काढून नेण्याआधी, किंवा तरुण गुन्हेगारावर पुढची पावले टाकण्याआधी, आजी-आजोबा, काका-मावश्या, कुळातली माणसे यांना बोलावायचे. अधिकारी माहिती देतात, पोलीस आपले म्हणणे मांडतात, ज्याचे नुकसान झाले तोही बोलू शकतो. आणि मग सगळे अधिकारी खोलीबाहेर जातात. कुटुंब एकटे बसते आणि आराखडा ठरवते. अधिकाऱ्याने उठून बाहेर जाणे, एवढ्याशा नियमात सत्तेचा केवढा भाग हातातून हातात जातो! पुढे ही पद्धत अनेक देशांनी उचलली. २००८ मध्ये गिसबोर्नच्या मराएवर तरुणांचे पहिले ‘रंगताही’ न्यायालयही भरले.

एवढे करूनही तिथे आजही सरकारी देखभालीतली सुमारे दोन तृतीयांश मुले माओरीच आहेत. २०१९ मध्ये हेस्टिंग्जच्या रुग्णालयात एका तरुण माओरी आईचे नवजात बाळ काढून नेण्याचा प्रयत्न चित्रफितीत पकडला गेला आणि देश ढवळून निघाला. त्याच वर्षी खात्याला माओरींशी बांधिलकीचे कर्तव्य घालणारे कलम अमलात आले होते. २०२५ मध्ये ते काढून टाकले गेले. काढणाऱ्या मंत्रिणीबाई स्वतः माओरी वंशाच्या आणि सरकारी देखभालीत वाढलेल्या. त्यांचा मुद्दा असा, की संस्कृतीच्या विचारात मुलाची सुरक्षितता मागे पडते. व्हिक्टोरियाचे प्रकरण आठवले की हा मुद्दा झटकून टाकता येत नाही. पण तो मान्य केला तरी कुटुंबाला खोलीबाहेर काढणे हे त्याचे उत्तर होत नाही, कारण मुलाला कोणत्या नातलगाकडे धोका आहे हे त्या खोलीतच सर्वांत आधी कळते.

महाराष्ट्रात अशी बैठक बेकायदा नाही, पण ती कोणाचे कर्तव्यही नाही. बालकल्याण समितीत अध्यक्ष धरून पाच जण. त्यांत किमान एक स्त्री असावी असे कायदा म्हणतो, मुलाच्या समाजातले कोणी असावे असे म्हणत नाही. जिल्हा बाल संरक्षण कक्षातले कर्मचारी बहुतेक कंत्राटी. अशा माणसाकडून पंधरा दिवसांत चार मुक्कामांचा माग काढून आजीला गाठण्याची अपेक्षा करायची, तर त्याला प्रवासभत्त्यापासून सगळे द्यावे लागेल.

भटक्या-विमुक्त समाजांतूनच माणसे उभी राहिली नाहीत असे मात्र नाही. लक्ष्मण माने यांचे ‘उपरा’ आणि लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ या दोन्ही आत्मकथनांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला; समाजकार्याच्या वर्गात ती पाठ्यपुस्तकासारखी वाचली जायला हवीत. अमरावती जिल्ह्यात मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने पारधी मुलांसाठी ‘प्रश्नचिन्ह’ आश्रमशाळा काढली. २०१९ मध्ये समृद्धी महामार्गाच्या वाटेत तिचे काही बांधकाम पाडले गेले. शाळा बंद पडली नाही. बाहेरून आलेल्या कार्यकर्त्याला जी बोली शिकायला वर्ष लागेल, ती तिथे पहिल्या दिवसापासून कोणाला तरी येत होती.

कागदाचा प्रश्न तरी उरतोच. विमुक्त-भटक्यांना जातीच्या दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्यांना तेव्हा कोणी गावात मुक्कामाला राहू देत नव्हते, त्यांच्या नातवाने आजोबा कुठे राहत होते ते कागदावर दाखवायचे. दाखला नाही म्हणून शिष्यवृत्ती नाही, शिष्यवृत्ती नाही म्हणून अकरावी नाही, आणि मग सतराव्या वर्षी नाक्यावर उभा असलेला मुलगा पोलिसांच्या नजरेत भरतो. अशा मुलाच्या कार्यकर्त्याने त्याच्या देवतांची नावे पाठ केली नाहीत तरी चालेल. तहसील कचेरीत त्याच्याबरोबर तीन खेपा घालणे हे जास्त सांस्कृतिक काम आहे.

२०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे दोन निर्णय आले. मे महिन्यात, दिल्लीतल्या एका प्रकरणात, पोलिसांच्या गुन्हेगारी नोंदपत्रांत अल्पवयीन नातलगांची नावे सहजासहजी येऊ नयेत असे न्यायालयाने सांगितले. मागास समाजांतल्या निरपराध माणसांच्या नोंदी यांत्रिकपणे होतात, याकडे लक्ष वेधून सर्व राज्यांना धोरण तपासायला लावले. ऑक्टोबरमध्ये, मुंबईतल्या पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर, तुरुंगांच्या नियमावल्यांतून जातीवर आधारलेली कामे आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार मानणारे उल्लेख काढायचा आदेश झाला. हे आदेश पोलीस आणि तुरुंग खात्यांना आहेत. परिविक्षा अधिकाऱ्याच्या अहवालातला कुटुंबाच्या गुन्ह्यांचा तक्ता त्यांच्या कक्षेत थेट येत नाही. तो तक्ता कसा भरावा, सुटकेची नोंद सक्तीची करावी का, वय ठरवताना आईचे सांगणे कोणत्या रीतीने नोंदवावे, हे ठरवायला नवा कायदा लागत नाही. राज्याच्या महिला व बालविकास खात्याचे एक परिपत्रक पुरते.